हॅटवाल्याचा शेवट

माझे मामेसासरे आयुष्यभर एका थिएटरच्या दाराशी उभे राहिले. अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीवर बसवायचं आणि सिनेमा संपत आला की आधीच बाहेर जाऊन मोठी दारं उघडून धरायची, हे त्यांचं काम. त्यामुळे हॉलिवूडच्या एका जुन्या नायकाचे सगळे सिनेमे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले, पण शेवट एकाचाही नाही. "सुट्टीच्या दिवशी जाऊन बघा की," असं कुणी सुचवलं तर म्हणायचे, "सुट्टीच्या दिवशी कुणी कामावर जातं का?" त्या नायकाचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे. ते त्याला 'आमचा हॅटवाला' म्हणत.

घरी मामींना गोष्ट सांगताना शेवट ते पदरचा घालत. त्यात हॅटवाला घरी यायचा, हात धुवायचा आणि जेवायला बसायचा. "बरा बाई जेवायच्या वेळेलाच उगवतो तुमचा हॅटवाला," मामी म्हणायच्या.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा जहाजावर नोकरीला गेला आणि जहाजासकट बुडाला. मामांनी गोष्टी सांगणं सोडलं.

यंदा मामांचं दुखणं हाताबाहेर गेलं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. काही खावंसं वाटतं का, मी विचारलं.

"खायचं राहू दे, सूनबाई. तो बंदरावरचा सिनेमा मिळतो का बघ. हॅटवाला होडी घेऊन वादळात जातो, तो. येतो का घरी, एकदा बघू दे."

मी तो शोधून टीव्हीवर लावला. मामींनी त्यांच्या पाठीशी उशा रचल्या.

"आता बायको रुसेल बघ," मामा म्हणाले.

"तुम्ही गप बसा हो, आम्हाला बघू द्या."

कितीतरी दिवसांनी त्या दोघांचं असं बोलणं कानावर पडलं.

वादळ सुरू झालं. बायको कंदील घेऊन धक्क्यावर आली, वाद्यांचा आवाज चढला, आणि मामा उठले.

"अहो, कुठे निघालात? आता तर शेवट आहे."

"म्हणूनच ना. लोक बाहेर पडतील आता."

मी उठायला लागले, तर मामींनी माझा हात धरला. "जाऊ दे त्यांना."

भिंतीचा आधार घेत मामा दारापर्यंत गेले, कडी काढली आणि एक फळी धरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पडद्यावर उजाडलं. होडी किनाऱ्याला लागली. आत फक्त हॅट होती.

"आला का गं?" मामांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

मामींनी तळहातानं डोळे पुसले. "आला."

"मग?"

"मग काय. हात धुतले, बसला जेवायला."

"बघ. मी काही थापा मारत नव्हतो."

मी टीव्ही बंद करून त्यांना धरून आणायला गेले, तर ते दार सोडेनात. "थांब, सूनबाई. सगळे बाहेर पडू देत."

जिन्यात कुणीच नव्हतं. मामी हळूहळू चालत आल्या आणि दाराची दुसरी फळी धरून उभ्या राहिल्या.