डाव्या बाजूचं चाक

खरं सांगायचं तर त्या दिवशी टिटवाळ्याला मी गणपतीसाठी निघालो नव्हतो, अण्णांच्या हट्टासाठी निघालो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांना सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. जप, नवस, उपास सगळं माझ्या बायकोने, संगीताने केलं. मी मात्र देवावर रुसून बसलो होतो. जो माणूस जन्मभर दर महिन्याला तुझ्या दारात आला त्याचीच जीभ काढून घेतोस काय, असं मी देवघरासमोर उभा राहून चक्क भांडलेलो आहे. तोंडाचा मी पहिल्यापासून फटकळ. त्यातच डॉक्टरांनी सांगितलं की हृदय फार थकलंय, त्यांची काही इच्छा असेल तर पुरी करा. इच्छा एकच होती. अण्णा रोज डावं बोट आधी भिंतीवरच्या गणपतीकडे न्यायचे आणि मग खिळ्याला अडकवलेल्या जीपच्या किल्लीकडे.

ही जीप म्हणजे आमच्या घरातला म्हातारा हत्ती. अण्णा मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते, तेव्हा कुणाकडून तरी जुनीच घेतलेली. दर रविवारी ती खोलायची, पुसायची आणि पुन्हा जोडायची, हा त्यांचा रविवार. मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर. उजव्या बाजूची चाकं माझ्याकडे, डावीकडची त्यांच्याकडे. डावी बाजू गटाराकडे असायची, तिथे चिखल, म्हणून ती ते स्वतःकडे घेतात असं मला वाटायचं. पाने ठेवायला आईने गादीच्या कापडाची कप्पे-कप्प्यांची पिशवी शिवून दिली होती. अण्णा म्हणायचे, पाना हाताला सोयीचा घेऊ नये, नटाला विचारून घ्यावा. नट अडला की ते आधी गंज खरवडायचे, रॉकेलचे दोन थेंब सोडायचे आणि मला म्हणायचे, "चल, चहा पिऊन येऊ. त्याला जरा वेळ दे." रॉकेलचा आणि चहाचा तो एकत्र वास अजून कुठे आला की मी मोहन्याच्या त्या अंगणात असतो. पुढे मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो, फ्लॅट घेतला, आणि पान्याला हात लावायचं सुटलं ते सुटलंच.

अण्णांचा उजवा पाय दुमडत नसे, त्यामुळे रिक्षात त्यांना बसवता यायचं नाही. जीपची पुढची सीट मात्र त्यांना बरोबर व्हायची. गर्दी नको म्हणून साधा बुधवार धरला. शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून बसवलं, घडीची व्हीलचेअर मागे टाकली, संगीता तिच्याशेजारी बसली. कल्याण, शहाड करत मोहन्यात आलो तेव्हा कारखान्याच्या बंद गेटाकडे अण्णा मान वळवून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्याही. आंबिवली मागे पडली आणि डावीकडचं मागचं चाक बसलं.

चैत्रातलं अकराचं ऊन. मी गाडी एका चिंचेखाली घेतली आणि चाकाच्या नटांना भिडलो. आईची पिशवी सीटखाली होती, पण ती सोडायला कोण बसतंय? वरच पडलेला कमीजास्त होणारा स्क्रू पाना उचलला आणि लावला. तो दोनदा घसरला, नटाचे कोपरे खरवडले गेले आणि माझी बोटं सोलवटली. मग पिशवीतून चाकाचा बॉक्स पाना काढला, त्याला हातभर पाइप चढवला आणि त्यावर चक्क उभा राहिलो. नट हलेना. पुन्हा चढलो, पुन्हा तेच. पाचही नटांवर हाच प्रकार. अर्धा तास मी असा नाचत होतो, आणि अण्णांच्या ओठांचा रंग उतरत चालला होता. संगीता पदराने वारा घालत होती. आज दर्शन हुकलं तर पुन्हा त्यांना इथवर आणणं होणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. घे, हीच तुझी कृपा ना, असं मी टिटवाळ्याच्या दिशेला तोंड करून म्हणालो. आज लाज वाटते.

तेवढ्यात अण्णा बोलले. सात महिन्यांत नुसते हुंकार निघणाऱ्या तोंडातून सरळ शब्द आला, "उलट." संगीताचे डोळे भरून आले. अण्णा पुन्हा म्हणाले, "उलट... उलट."

"अहो, त्यांना परत घरी जायचंय वाटतं," संगीता हळूच म्हणाली. मलाही तेच वाटलं. इतक्या महिन्यांनी शब्द फुटला तो हार मानण्याचा. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "बरं अण्णा, जाऊ या परत." तर त्यांनी हात झिडकारला आणि रागाने तोच शब्द पुन्हा काढला.

चिंचेखाली एक म्हातारी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. इतका वेळ ती आमचा तमाशा बघत होती. ती उठून आली, संगीताला म्हणाली, "काय झाला गो बाय?" संगीताने सांगितलं. म्हातारी माझ्याकडे वळली. "बाबा उलटा बोलतान नं? मंग उलटा फिरव. मगासधरनं एकाच बाजूला रेटतंस."

"मावशी, नट डावीकडेच सुटतो," मी खेकसलोच. शिकलेला माणूस ना मी.

"बघाला काय जाताय तुझा?" ती म्हणाली आणि अण्णांना काकडीची फोड भरवायला लागली.

मी निव्वळ तिचं तोंड बंद करायला पाना उजवीकडे वळवला. एकदा जोर लावला, काही नाही. इतका वेळ मीच तर तो आवळून ठेवला होता. मग काय सुचलं कोण जाणे, मी थांबलो. बोल्टाच्या टोकावरचा चिखल पुसला, पिशवीतल्या बाटलीतलं तेल सोडलं आणि खाली बसून राहिलो. पुसलेल्या जागी बारीक इंग्रजी अक्षर दिसलं, एल, म्हणजे लेफ्ट. उलटे आटे! या गाडीला डाव्या अंगाला उलटे आटे होते, नट उजवीकडे फिरवला की सुटणारे. म्हणून तर अण्णांनी ती बाजू कधी माझ्या हाती दिली नव्हती, आणि मला वाटत होतं चिखलासाठी. मी पाना पुन्हा बसवला, नीट, शेवटपर्यंत, आणि हळूच दाबला. 'कट्' असा आवाज आला. अण्णा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण मोहन्याच्या अंगणातले अण्णा हसले.

चाक बदलून होईतो म्हातारी पाटी घेऊन वाटेला लागली होती. तिला आट्यातलं काही कळत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं ऐकावं एवढंच कळत होतं. तिला कुणी पाठवलं होतं की ती रोजच तिथे बसते, ते मी शोधत बसलो नाही. मी तिच्या पाठीला नमस्कार केला.

देवळात लोकांनी वाट दिली, व्हीलचेअर थेट पुढे गेली. मूर्तीसमोर अण्णांनी डावा हात उचलला, छातीपाशी आणला आणि तो तसाच अधांतरी थांबला, कारण जोडायला दुसरा हात नव्हता. मी त्यांच्या उजवीकडे वाकलो आणि माझा उजवा तळवा त्यांच्या तळव्याला लावला. आम्हा दोघांचा मिळून एक नमस्कार झाला. मी मागायचं खूप ठरवून गेलो होतो, भांडायचंही ठरवलं होतं. काहीच आठवलं नाही. सात महिने मी देवाशीही, त्या नटांशी झगडलो तसाच झगडत होतो, आणि जितका जोर लावला तितका आतून आवळत गेलो होतो.

अण्णा श्रावणात गेले. त्यानंतर ते पुन्हा बोलले नाहीत. अजून कुठल्याही देवळात गेलो की माझा उजवा हात आधी वर जातो आणि क्षणभर थांबतो. मग डावा मीच उचलून त्याला जोडतो.