लांब नाकाच्या साहेबासारखा राजीनामा

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षर मुंग्या चालल्यासारखं. चौथीत शाळा सुटली. ही वही चुकून कोणाच्या हाती लागली तर माफ करा आणि गुपचूप खाली ठेवा.

इथे आखाती देशात, रिग्गई भागात, मी एका पुणेकर कुटुंबाकडे स्वयंपाक करते. त्यांची नववीतली मुलगी फ्रेंच शिकते. तिला फ्रान्सच्या एका पुढाऱ्यावर भाषण करायचं होतं. मी मध्ये बोलत नाही, म्हणून सराव माझ्यासमोर, मराठीत. मी पोळ्या लाटत ऐकायची. साहेब ताडमाड उंच, नाक लांब. देश शत्रूने घेतला तेव्हा समुद्रापलीकडे गेला आणि परक्यांच्या रेडिओवरून लोकांना धीर देत राहिला. देश सुटल्यावर सरकारचा प्रमुख झाला. पण बाकीचे पुढारी ऐकेनात, तेव्हा राजीनामा देऊन गावी जाऊन बसला.

"त्याला वाटलं, आठवड्यात बोलावतील," मुलगी म्हणाली.

"मग?"

"बारा वर्षं लागली, मावशी. पण आला तो स्वतःच्या अटींवर."

मला माझे चाळीस दिनार आठवले. अब्बासिया वस्तीत आम्ही पाच कामवाल्या एका खोलीत राहतो. त्यातल्या साताऱ्याच्या अक्कांनी वर्षापूर्वी ते उसने घेतले होते. आता भाचीच्या लग्नाला जायला तिकिटासाठी तेच हवे होते, पण वयाने मोठ्या बाईकडे मागायला माझी जीभ उचलेना.

सुट्टीच्या शुक्रवारी सगळ्यांचा स्वयंपाक मी करते. त्या शुक्रवारी केला नाही. पलंगावर पाय घेऊन नखं रंगवत बसले. कारण फक्त एकीला सांगितलं, जिच्या पोटात काही राहत नाही तिला. "कोणाला सांगू नकोस हं," असंही म्हटलं.

मग चुलीशी अक्का गेल्या, आणि त्यांनी बांगड्याच्या कालवणात गरम मसाला घातला. कोकम नाही, तिरफळ नाही. खोलीतल्या रत्नागिरीच्या दोघी ताटाकडे बघत बसल्या. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. मला बारा वर्षांची धास्ती वाटू लागली.

तिसऱ्या शुक्रवारी रत्नागिरीची एक म्हणाली, "अक्का, तिचे पैसे टाका. या माशाला दोनदा मारू नका."

अक्का माझ्यापुढे आल्या. "मागितले असतेस तर दिले नसते का गं?"

मी नखांवर फुंकर घातली.

त्यांनी तीस दिनार मोजले. "दहा पुढच्या महिन्यात."

मी एक पाय खाली टाकला होता, तो परत वर घेतला.

"बघा हिला, गरीब गाय म्हणे," असं पुटपुटत अक्कांनी उशीच्या खोळीतून दहाची नोट काढली. चाळीस पूर्ण झाले.