शांताक्काकडच्या मुली

धारवाडच्या सप्तापुरात एकाच छपराखाली दोन दारं असलेलं एक घर आहे. डावीकडे शांताक्का, उजवीकडे तिची धाकटी जाऊ मालती. दोघींच्या नवऱ्यांनी वाटणी केली तेव्हा मध्ये भिंत घातली; नवरे गेले, भिंत राहिली. शांताक्काकडे लेक, सून, नातवंडं आणि बारा महिने पाहुणे. मालतीचा एकुलता एक ओंकार बंगळूरला, म्हणून मालतीकडे टीव्ही. शांताक्काकडे नवा मिक्सर आला की मालतीच्या पोटात दुखायचं, तिकडं हसू फुटलं की जरा जास्तच दुखायचं. भिंत पातळ होती, त्याला ती बिचारी काय करणार?

यंदा विद्यापीठांतल्या मुलींची देशभरातली खो-खो स्पर्धा धारवाडात भरली आणि गावाचं लग्नघर झालं. कुणी ढुंकून न बघितलेल्या रस्त्याला रातोरात डांबर लागलं. पार हुबळीपर्यंतचे लॉज भरले, रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगू लागले, आणि सुभाष रोडवर पेढ्यासाठी गावच्याच माणसांवर परगावच्यांमागे रांग लावायची पाळी आली. तरीही मुलींना जागा पुरेना. तेव्हा समितीतला प्रवीण सप्तापुरात दारोदार फिरू लागला. ज्यांच्याकडे खोल्या रिकाम्या, त्यांनी एकेक संघ ठेवून घ्यावा, अशी विनंती होती.

तो आधी मालतीकडेच आला. हे मालती मरेपर्यंत विसरणार नाही.

“कोल्हापूरकडच्या मुली आहेत, अक्का. ठेवून घेता काय?”

मालतीचं माहेर गडहिंग्लजचं. तिचा जीव सुपाएवढा झाला. पण पहिल्या विचारण्याला हो म्हणणं तिच्या घराण्यात बसत नव्हतं. साध्या चहालाही ती आधी नको म्हणते आणि समोरच्याच्या आग्रहाची वाट बघते. म्हणाली, “अय्यो, नको रे बाबा. एकट्या बाईला कुठं झेपतंय?”

“आयतु अक्का, राहू दे मग,” म्हणून प्रवीण निघालासुद्धा. नव्या पोरांना नको म्हणजे नकोच वाटतं. मालतीनं पुन्हा तोंड उघडेपर्यंत तो शांताक्काच्या दारात पोचला होता.

“पाठव की!” शांताक्का म्हणत होती. “विचारतोस काय?”

झालं. मुली आल्या आणि शांताक्काचं घर दणाणून गेलं. काकू, केसांना तेल लावा. काकू, पाय दुखतोय. शांताक्काच्या आमटीत मीठ नेहमी जास्त, तरी पोरी मिटक्या मारत होत्या. या माझ्या माहेरच्या मुली, असं मालती भिंतीकडे बघत पुटपुटायची. मुली एकेक सामना जिंकू लागल्या तशी गल्ली शांताक्काचं अभिनंदन करू लागली, जसं काही मैदानावर हीच धावली होती. पेपरात मुलींबरोबर शांताक्काचा फोटो आला. मालतीनं तो पेपर भाजीच्या देठांखाली घातला.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र मुलींची कप्तान सावनी मालतीच्या दारात उभी राहिली.

“मावशी, उद्या मॅचला जायच्या आधी आम्ही सगळ्या तुमच्याकडं येऊ का?”

मावशी! तिकडं काकू, इथं मावशी. या वेळी मालती नको म्हणायला विसरली. लगेच शेंगदाणे भाजायला घेतले. सकाळी मुली बसल्या तेव्हा पानात शेंगापोळ्या पडल्या, वर तुपाची धार.

“मावशी, एकच हं,” सावनी म्हणाली. “मॅच आहे.”

“माहेरच्या लेकींना एक वाढतात होय? माझी शपथ आहे.” मालती हे मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पोरींनी निमूटपणे सगळं संपवलं.

मैदानात दोघी जावा वेगवेगळ्या टोकांना बसल्या. मुली जड पावलांनी धावत होत्या. सावनी पोटाशी हात धरून वळली आणि सुरुवातीलाच बाद झाली. बघता बघता सामना हातचा गेला.

घरी परतल्यावर मुलींच्या प्रशिक्षक मॅडम शांताक्काच्या दारातच कडाडल्या. “काकू, आज सकाळी केळं आणि थोडंसं उपीट, एवढंच द्या म्हटलं होतं ना? काय खायला घातलंत पोरींना? पळता येईना त्यांना!”

शांताक्कानं मान खाली घातली. नुसते डोळे भरून आले. तशा सगळ्या मुली तिच्या गळ्यात पडल्या. “काकू, रडू नका ना.” एक ओढणीनं तिचे डोळे पुसत होती, एक पाठीवरून हात फिरवत होती.

मालती आपल्या दारातून बघत होती. तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. गप्प आत जाता आलं असतं. पण तिला ते बघवेना. पोळ्या माझ्या, सामना गेला माझ्या पोळ्यांनी, आणि गळ्यात पडायचं हिच्या?

“मी घातलं खायला!” ती ओरडली. “शेंगापोळ्या, तुपात बुडवून. तिचा काही संबंध नाही!” हा प्रामाणिकपणा होता असं कुणी समजू नये.

आता मुली आपल्याकडे येतील, निदान चार शब्द सुनावतील, म्हणून मालती उभी राहिली. सावनी आली, पण रागावली नाही.

“मावशी, जड जाणार हे ठाऊक होतं आम्हाला,” ती हळूच म्हणाली. “पण काकूंनीच पाठवलं होतं. म्हणाल्या, पलीकडं माझी जाऊ एकटीच असते, माहेरच्या मुली बघून तिला बरं वाटेल. ती वाढेल त्याला नाही म्हणू नका.”

मालतीनं शांताक्काकडं बघितलं. “असू दे गं, मालती,” शांताक्का पदरानं नाक पुसत म्हणाली, “हौसेनं केलंस तू.”

शांताक्काचा हेवा वाटला नाही असा मालतीचा एक दिवस आजवर गेला नव्हता. पण त्या घडीला वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.