विहिरीतलं कासव

१९७४ च्या डिसेंबरात आम्ही कॉलेजच्या शिबिरार्थींनी नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. आज नंदनवन कॉलनीतल्या घरी टाकी धुताना तोच वास आला. तेव्हा त्या वासाचा आम्हाला अभिमान वाटला होता.

थोड्या वेळानं पाणी भरायला आलेल्या राधाबाई विहिरीत वाकून म्हणाल्या, "पाणी साफ ठेवाले कासव सोडलं हाये आमी. त्यालेच मारून राहिले काय गा पोट्टेहो?"

गावाला विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

दोर बांधून मी खाली उतरलो. टोपलीतून वर आलेल्या कासवाची मान लोंबत होती. राधाबाईंनी ते संत्र्याच्या बागेतल्या हौदात सोडलं.

"आता त्याले हात लावू नोका."

सातव्या दिवशी एसटीत बसण्यापूर्वी मी हौदाशी गेलो. कासव पोहत होतं.