एका वळचणीखालच्या दोन जावा

काराकोल शहरातल्या आमच्या गल्लीत, माझ्या दारासमोर, दोन जावांचं एक घर होतं. सासऱ्यानं मरण्याआधी मधोमध भिंत घालून दिली. छप्पर कसं वाटणार? ते एकच राहिलं आणि त्याच्या कडेची पन्हळही एकच. तिचा उतार थोरल्या कालिपाकडे होता. धाकट्या बुरुलसुनच्या अंगणात पॉप्लरचं भलंमोठं झाड होतं. उन्हाळ्यात त्याचा कापूस, शरदात पानं, सगळं पन्हळीत पडायचं आणि वाहत येऊन कालिपाच्या दारात पाणी उतरवणाऱ्या नळाच्या तोंडाशी बसायचं.

दोघीही विधवा. कालिपा शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली. दर वर्षी बर्फ पडायच्या आत ती शिडीवर चढायची आणि काळा, कुजका लगदा ओंजळीनं बाहेर काढायची. आपल्या अर्ध्या भागावर तिनं तारेची जाळीही बसवून घेतली.

"अगं, तुझ्या भागावर पण टाक ना जाळी," ती शिडीवरून ओरडायची. "नाहीतर त्या झाडाच्या फांद्या तरी छाट."

"झाड माझ्या नवऱ्यानं लावलंय, एजे," बुरुलसुन म्हणायची; एजे म्हणजे ताई. "त्याला हात लागणार नाही."

"पानं तुझी आणि हात माझे काळे!"

"पाणी तुमच्याच दारात उतरतं ना? मग बघा की तुम्हीच."

गल्लीत आम्ही हसायचो. मीसुद्धा. कुणी शिडी धरायला गेलं नाही.

एका ऑक्टोबरात शिडीचा पाय ओल्या मातीत सरकला. कालिपा पडली, खुबा मोडला. बुरुलसुन पिठाचे ताजे बोरसोक तळून घेऊन भेटायला आली, उशाशी बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, "या वयात चढायचं असतं का, एजे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

कालिपानं तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या हिवाळ्यात पन्हळीला कुणाचा हात लागला नाही. पुढं फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडलं, छपरावरचा बर्फ वितळला, आणि पाठोपाठ कडाका आला. नळाच्या तोंडाशी पानांचा गठ्ठा दगडासारखा गोठला. मागं तुंबलेलं पाणी पत्र्याखाली शिरलं आणि कालिपाच्या खाटेवर ठिबकू लागलं. तिला उठता येत नव्हतं. सकाळी मी गेले तेव्हा रजई ओलीचिंब होती. बर्फाच्या ओझ्यानं पन्हळ तिच्या बाजूनं उखडून लोंबत होती. भिंतीपलीकडं बुरुलसुनची खोली ठणठणीत कोरडी.

"तिला हाक मारायची होती," मी म्हटलं.

"मारली," कालिपा म्हणाली. "रेडिओ मोठा केला तिनं."

कालिपाची मुलगी चोल्पोन बिश्केकहून आली आणि आईला नवव्या मजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन गेली. ओल धरलेलं अर्धं घर घ्यायला कुणी परकं तयार होईना. शेवटी ते बुरुलसुननंच घेतलं.

घर नावावर झालं त्याच आठवड्यात तिचा जावई मिर्लान करवत घेऊन आला. पॉप्लर भुईसपाट झालं. मग अख्ख्या घराला नवी रुंद पन्हळ लागली, वर टोकापर्यंत जाळी आणि आत बर्फ धरू नये म्हणून विजेवर तापणारी तार. मी फाटकात उभी राहून बघत होते. बुरुलसुन माझ्याकडं वळून म्हणाली, "पानांनी जीव नकोसा केला होता गं. आता छप्पर माझं आहे, सांभाळायला नको?"

"नवऱ्यानं लावलं होतं ना ते?"

"तो काय वर येऊन बघतोय?"

पुढं बिश्केकला गेले तेव्हा कालिपाला हे सांगावं की नाही, मला ठरवता येईना. तिनंच विचारलं आणि मी सांगितलं. ती काठी धरून खिडकीशी बसली होती.

"लाकडं कुणी नेली?" तिनं विचारलं.

"तिनंच ठेवली. जाळायला."

"ओली असतील," कालिपा म्हणाली. "घरभर धूर होऊ दे मेलीच्या."