अक्काची ज्वारी
तागाच्या पोत्याचा वास आला की मला अंबरपेठेतलं रेशनचं दुकान आठवतं. हैदराबाद राज्याची वाटणी होत होती, तेव्हाची गोष्ट. कार्डावर ज्वारी नि तांदूळ दोन्ही मिळायचे. आम्ही भाकरी खाणारे, शेजारची तेलुगू अक्का भात खाणारी. म्हणून दुकानाच्या पायरीवरच आई तिला आमचे तांदूळ देऊन तिची ज्वारी घ्यायची. वडिलांची बदली मराठवाड्यात झाली. शेवटच्या रेशनला अक्कानं ज्वारी आमच्या पिशवीत ओतली, पण तांदूळ काही घेईना. “रस्ते में खाओ अम्मा,” एवढंच म्हणाली. मराठवाड्यात सगळेच भाकरी खाणारे. आमचे तांदूळ कुणाला हवे असणार? तरी रेशन घेतल्यावर आई पायरीवर जरा थांबायचीच. मी “चल ना” म्हणत तिचा पदर ओढायचे. आता वाटतं, थांबू द्यायला हवं होतं तिला.