पाहुण्याशी आम्ही गोड बोलतो

आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. मी दहावीला पहिल्या वर्गात आले, तेव्हा बाबांनी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "छापणाऱ्याची चूक आसतली. गप रव, कोणाक सांगू नको." मग खाली उतरून त्यांनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले. मी रडले नाही की रुसले नाही. आम्ही मालवणी माणसं. बाबा कोणाला टाकून बोलले की तो माणूस त्यांच्या आतल्या गोटातला, हे मला तेव्हाही माहीत होतं.

हा गुण आजोबांकडून आलेला. ते कामाला होते ती गिरणी बंद पडली, तेव्हा घरी येऊन ते आजीला म्हणाले होते, "सायबान माका कायमची रजा दिल्यान. लय जीव तेचो माझ्यार." ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते, आणि सांगताना कोणी हसत नाही. हसायचं ते ऐकणाऱ्याने. परक्यांशी मात्र बाबा लोण्यासारखं बोलतात. "या, बसा, च्या घेतास?" माझ्या एका आत्याच्या नवऱ्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही अजून "बसा"च मिळतं. बिचाऱ्याला वाटतं, आपला किती मान!

मी पवईच्या एका ऑफिसात परदेशी मालिकांच्या सबटायटल्स लिहिते. माझ्या वाट्याला ब्रिटिश विनोदी मालिका आल्या. त्या बघणार अमेरिकन लोक, आणि इंग्रजांचे उच्चार त्यांच्या डोक्यावरून जातात, म्हणून इंग्रजीखाली इंग्रजीच लिहायचं. घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे ते एकमेकांची भाषा इसारले, आणि तुका ठेवला मधी." पण खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचा अभिमान आहे. तिकडे कोणीतरी सोफ्यावर बसून ज्या ओळीवर खो खो हसतो, ती ओळ चारकोपला राहणाऱ्या या मुलीने टाइप केलेली असते. आमच्या टीममध्ये काहींना वाटायचं की अवघड विनोदाला कंसात थोडं स्पष्टीकरण द्यावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. समजावून सांगितलेला विनोद म्हणजे चघळून दिलेला घास. मी एकही कंस घातला नाही.

माझ्या बाजूने उभा राहिला तो समोरच्या टेबलावरचा अमेरिकन. मुख्य ऑफिसने त्याला आमच्याकडे दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. ओळी तपासताना तो आवाज न करता हसायचा, फक्त खांदे हलायचे. एकदा कँटीनमध्ये मी विचारलं, "तुमच्याकडे स्वतःच्या कॉमेडीचा एवढा ढीग असताना तुम्हाला इंग्रजांची कशाला लागते रे?"

तो म्हणाला, "आमच्या मालिकांत सगळे हुशार असतात. शेवटी कोणीतरी धडा शिकतो, मग सगळे मिठ्या मारतात. इंग्रजांकडे माणूस मूर्ख असतो, वर तोरा मिरवतो, तोंडावर आपटतो, आणि पुढच्या भागात तसाच मूर्ख असतो. कोणी मिठी मारत नाही." मग वरणात चमचा फिरवत म्हणाला, "आमच्या गावात कोणी 'कसा आहेस' विचारलं की 'मस्त' म्हणावंच लागतं. वडिलांची नोकरी गेली तेव्हाही आम्ही सगळे 'मस्त'च होतो. रविवारी दुपारी आजी या मालिका लावायची. त्यात एक माणूस बिनधास्त सांगायचा की दिवस भिकार आहे. मला इतकं हलकं वाटायचं!"

मी त्याला आजोबांची कायमच्या रजेची गोष्ट सांगितली. त्याचे खांदे इतके हलले की ताटातलं वरण सांडलं. मी त्याच्या प्रेमात कधी पडले असं कोणी विचारलं, तर मी त्या वरणाकडे बोट दाखवीन.

लग्न करायचं ठरलं. आईने आठवडाभर अबोला धरला आणि मग वड्यांचं पीठ दळायला दिलं, म्हणजे तिचा होकार. बाबांनी फक्त त्याला जेवायला बोलवायला सांगितलं. एका रविवारी तो घरी जेवायला आला. मी निर्धास्त होते. दोन तिरकस माणसं एका ताटावर बसणार, झकास जमणार!

कसलं काय. बाबा म्हणाले, "या. बसा. पंखो वाढवू?" हा म्हणाला, "अमेझिंग." कोंबडी अमेझिंग, वडे अमेझिंग, सोलकढी अमेझिंग, पंखासुद्धा अमेझिंग. ज्या गोडगोड बोलण्याला तो आयुष्यभर वैतागला होता, तेच घाबरून त्याच्या तोंडातून बाहेर पडत होतं. आणि बाबा त्याला आग्रहाने वाढत होते, हळू, सभ्य आवाजात. माझी वाट लागली होती आणि त्या दोघांना पत्ताच नव्हता.

तो गेल्यावर मी बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. "एक शब्द वाकडा बोलला नाहीस तू त्याला! का?"

बाबा हात धूत होते. "पावणो आसा," ते म्हणाले. "पावण्याक कोण वाकडा बोलता?"

नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. पण हे नाहीपेक्षा वाईट होतं. आत्याच्या नवऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, जन्मभर खुर्चीच्या टोकावर बसलेला.

दुसऱ्या दिवशी मी याला झाडलं. "तू ऑफिसात जसा आहेस तसा ये ना यार!" तो म्हणाला, "एक विनोद चुकला तर मी बाहेर. हे तुझ्या बाबांचं घर आहे." मी म्हटलं, "विनोद केलाच नाहीस, म्हणूनच तू बाहेर आहेस."

मग गणपती आले. आमच्याकडे आरतीनंतर घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. हात जोडून देवाला मोठ्याने घरच्या अडचणी सांगायच्या, आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" काका, काकी, चुलत भावंडं, सगळी खोलीत दाटीने उभी होती. याला मी तेवढे दोन शब्द शिकवून ठेवले होते आणि तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

बाबांनी आईच्या गुडघ्यांसाठी मागितलं. व्हय म्हाराजा. काकांच्या रिक्षाच्या परमिटसाठी मागितलं. व्हय म्हाराजा. मग त्याच गंभीर आवाजात ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्यो जो गोरो झील हय उभो आसा, तेका पंखोसुद्धा अमेझिंग दिसता. तेका थोडी अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

मी त्याच्या कानात अर्थ सांगितला. त्याने डोळे मिटले, हात आणखी घट्ट जोडले आणि मूर्तीकडे तोंड करून, कँटीनमध्ये शिकलेल्या मोडक्या मराठीत, सावकाश म्हणाला, "नको महाराजा. अक्कल आला, तर यांचा मुलगीशी लग्न कोण करणार?"

आईने पदर तोंडाला लावला. आणि मग काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा!" त्यांच्या मागोमाग अख्खी खोली, काकी, पोरंटोरं, माझी सख्खी आईसुद्धा: "व्हय म्हाराजा!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी कापूर विझल्याची खात्री केली, प्रसादाचं ताट उचललं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "खांबासारखो काय उभो? खाली बस रे."

बस रे. मी मोदक आणायच्या निमित्ताने आत गेले आणि मनसोक्त रडले. असं घर मला मिळालं आणि असं घर ओळखणारा माणूस मिळाला, या गर्वाने माझा ऊर भरून आला होता.

दुपारी खालच्या मजल्यावरचे काका दर्शनाला आले. मांडी घालताना हैराण झालेल्या याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आवाज बारीक करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, बाबांना विचारलं, "काय हो, आपल्यातला कोणी मिळाला नाही का?"

मी मधे बोलणार होते. बाबांनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

"बघलंय मा," बाबा म्हणाले. "आपले सगळे अमेरिकेक गेले. ह्यो एकटोच हय इलो, म्हणान ठेवन घेतलो."